तीन कोटेशनं आणि एक समुद्र

एकनाथराव मेहेर यांनी उभ्या आयुष्यात तीन कोटेशनांशिवाय काही घेतलं नव्हतं. अपवाद फक्त बायकोचा. तिथेही खरं तर ते तीन ठिकाणं बघणार होते. पण समुद्रकाठच्या नवापूरच्या पहिल्याच घरात पुष्पलताबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि एकनाथरावांनी उरलेली दोन ठिकाणं परस्पर रद्द केली. त्या व्यवहारात आपण फसलो नाही, हे ते चारचौघांत आवर्जून सांगत. पुष्पलताबाई तेवढ्यात चहा टाकायला उठत.

तीन कोटेशनांचा नियम मूळचा कारखान्याचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, आणि तिथे साधा झाडू घ्यायचा म्हटलं तरी तीन दुकानदारांकडून भाव मागवावे लागत. वीस-पंचवीस वर्षं हेच करत राहिल्यावर नियम माणसाच्या अंगात मुरतो. बोईसरच्या बाजारात एकनाथराव कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन ठिकाणी विचारून घेत, आणि तिसऱ्या ठिकाणी विचारून पहिल्याकडे परत येईपर्यंत कोथिंबीर संपलेली असे. त्यामुळे मेहेरांच्या घरी आमटी बहुतेक वेळा बिनकोथिंबिरीची असायची. पण तिला नियमाचा भक्कम आधार असायचा.

पंच्याण्णव सालच्या सुरुवातीला त्यांची विम्याची पॉलिसी पिकली. मुलीचं लग्न आधीच झालं होतं, कर्ज कुणाचं नव्हतं. एकनाथरावांच्या मनात न्हाणीघराला लाद्या बसवायच्या होत्या. त्यांनी लाद्यांची तीन कोटेशनंही आणली. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून ते पुष्पलताबाईंना समजावून सांगत असताना बाई एकदम म्हणाल्या, "लाद्या नको. मला समुद्र बघायचाय."

"मग त्यात काय? आत्ता रिक्षा केली तर अर्ध्या तासात नवापूर."

"तो नाय. तो काय समुद्र हाय? ते आमचं कामाचं ठिकाण हाय." बाईंनी हात पुसले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "मी चालायला लागले तवापासून त्या वाळूवर काम केलंय. होड्या आल्या का मासळी निवडा, बोंबील दोरीवर टाका, कावळे हाकला, आभाळ आलं का गोळा करा. समुद्राकडं तोंड करून मी कदी बसलेच नाय, कायम पाठ. मला एकदा खुर्चीवर बसून समुद्र बघायचाय. कोणीतरी मला चहा आणून द्यावा. आणि मासळीचा वास नको. बस. एवढंच."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कारखान्याला माल पुरवणाऱ्या एका कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यात मार्च महिन्यावर परदेशातल्या कुठल्याशा किनाऱ्याचं चित्र होतं: पांढरी वाळू, एक वाकलेला माड, आणि माडाखाली एक रिकामी खुर्ची. मार्च संपून तीन वर्षं झाली होती, पण ते पान काही उलटलं गेलं नव्हतं. आजवर एकनाथरावांना वाटत होतं की बायकोला तारखेचं भान नाही.

सव्वीस वर्षांत या बाईने काही मागितलेलं त्यांना आठवेना. त्यांनी लाद्यांची कोटेशनं गुंडाळली आणि त्याच कागदांच्या पाठीवर लिहिलं: 'परदेश सहल (समुद्रासह). नग: दोन माणसं.'

खरेदीची मागणी कशी लिहावी याचं एक शास्त्र असतं. वस्तूचं वर्णन हवं, परिमाण हवं, मोजायचं एकक हवं. एकनाथरावांनी लिहिलं: समुद्र, एक. माड, पुरेसे. खुर्च्या, दोन. चहा, दिवसातून दोन वेळा. इथवर ठीक चाललं. मग 'मासळीचा वास' आला आणि त्यांची पेन्सिल अडली. वासाला एकक काय लावायचं? लिटर? किलो? ज्याला एकक नाही ती बाब मागणीत घालता येत नाही, घातली तर पुरवठादार पुढे वाद घालतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी ती ओळ खोडली. तोंडी सांगू, असं ठरवलं, आणि विसरून गेले.

परदेशाची वार्ता सोसायटीत पसरायला संध्याकाळही लागली नाही. वरच्या मजल्यावरचे शांताराम राऊत लगेच खाली उतरले. राऊत एकदा सहकुटुंब काठमांडूला जाऊन आले होते. नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, ही बारीकशी गोष्ट सोडली तर त्यांचा परदेशाचा अधिकार सोसायटीत सर्वमान्य होता.

"सिंगापूर करू नका," राऊत म्हणाले. "तिथे थुंकलं तर दंड होतो."

"मी थुंकत नाही हो."

"आत्ता नाही थुंकत. परदेशात माणसाचं काय सांगावं? आमच्या काठमांडूला मी तीन दिवस नुसता शिंकत होतो."

मॉरिशसचं विमानभाडं ऐकून एकनाथरावांनाच शिंक आली. राहता राहिली श्रीलंका. तिथली लढाई नुकतीच थांबल्याचं छापून आलं होतं, तिकडे प्रवासी फिरकत नव्हते, त्यामुळे सगळं पडेल भावात मिळत होतं. शिवाय रेल्वेने त्रिवेंद्रम गाठलं तर तिथून विमानाचा जेमतेम तासाभराचा प्रवास. सर्वांत कमी दर. नियमाप्रमाणे निर्णय झाला.

"लंका?" राऊत डोळे मोठे करून म्हणाले. "अहो मेहेर, बायकोला आणायला लंकेत गेलेले ऐकलेत. बायकोला घेऊन जाणारे तुम्ही पहिलेच."

सोसायटीत हा विनोद पुढचे दोन महिने चालला. दूधवाल्यानेसुद्धा तो एकनाथरावांना आपला म्हणून ऐकवला.

आता पासपोर्ट. त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा हवा. पुष्पलताबाईंच्या जन्माची नोंद कुठेच सापडेना, म्हणून एकनाथराव नवापूरला सासूबाईंकडे गेले. सोजराबाई अंगणात सुकट पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप न थांबवता सांगितलं, "ज्या साली घोळ मासळी लागली ना जावई, जाळी फाटली, होड्या बुडायला आल्या, त्या साली. नारळी पुनवेच्या आदल्या दिशी. पक्कं हाय."

"साल कुठलं ते?"

"सांगितलं ना. घोळीचं."

पालघरच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत तो म्हणाला, "ठीक आहे. घोळ कुठल्या साली लागली याचा मासळी खात्याचा दाखला आणा." तो थट्टा करतोय की नाही, हे एकनाथरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी मासळी खात्यात एक फेरी मारलीसुद्धा.

अखेर शाळेचा दाखला मिळाला. त्यावर नाव 'पुष्पी' होतं. रेशनकार्डावर 'पुष्पा', आणि पॉलिसीवर 'पुष्पलता'. आयुष्यात पहिल्यांदाच न मागता तीन पर्याय पुढे आले होते आणि एकनाथरावांना त्यातला एकही सोडता येत नव्हता. कचेरीबाहेरच्या झाडाखाली तीन टायपिस्ट बसत. त्या तिघांकडे भाव विचारून त्यांनी प्रतिज्ञापत्र करून घेतलं. सर्वांत स्वस्त टायपिस्टने लिहिलं होतं: 'वरील तिन्ही माझ्याच पत्नी असून त्या एकच आहेत.' घाईत एकनाथरावांनी त्याखाली सही केली. कारकुनाने तो कागद वाचला, एकदा एकनाथरावांकडे बघितलं, आणि शिक्का मारला. त्या नजरेत थोडा आदर होता, असं एकनाथरावांना वाटलं.

मग पोलीस चौकशी. हवालदार सायकलवरून आले तेव्हा एकनाथराव कामावर आणि पुष्पलताबाई बाजारात. हवालदारांनी शेजारच्या वत्सलाबाईंना विचारलं, "मेहेर माणूस कसा आहे?" हा प्रश्न आपल्याला कुणीतरी विचारावा म्हणून वत्सलाबाई बहुधा वर्षानुवर्षं थांबल्या होत्या. त्यांनी हवालदारांना आत बसवलं, सरबत दिलं आणि सुरुवात केली.

"माणूस देवमाणूस हाय. पण टाकी धुवायची पाळी आली का नेमका गावाला पळतो. गणपतीची वर्गणी द्यायची तर मागच्या वर्षीच्या खर्चाचा हिशेब मागतो. आणि जिन्यातला बल्ब गेला होता तर तीन दुकानांत भाव काढत बसला, तवर आमचे हे अंधारात पडले. हे लिवा."

हवालदारांच्या छापील कागदावर यातल्या कशालाच रकाना नव्हता. त्यांनी 'वर्तणूक चांगली' असं लिहिलं आणि निरोप घेतला. पण संध्याकाळपर्यंत मेहेरांच्या दारात पोलीस येऊन गेल्याचं सोसायटीत झालं होतं, आणि एकनाथराव जिना चढत असताना दोन दारं हळूच लोटली गेली. त्यांना फार वाईट वाटलं. वीस वर्षांत त्यांनी कुणाची टाचणी उचलली नव्हती.

टाचणीवरून आठवलं. खरा घाव कारखान्यात बसायचा होता. रजेच्या अर्जावर त्यांनी कारण प्रामाणिकपणे लिहिलं: 'पत्नीसह परदेशगमन.' अर्ज वर गेला, आणि दोन दिवसांनी मुख्य कचेरीतून टाय बांधलेले तीन ऑडिटर स्टोअरच्या दारात हजर झाले. स्टोअरकीपर परदेशी निघाला म्हणजे स्टोअरमधून काहीतरी आधीच निघालेलं असणार, असा वरचा हिशेब होता. ऑडिटरांनी पिंपं मोजली, व्हॉल्व्ह मोजले, हातमोजे जोडीने मोजले. एकनाथराव खुर्चीवर ताठ बसून होते. कुणी काही विचारलं तर ते फक्त "रॅक नंबर चार" असं म्हणत. असं म्हटलं की त्यांचा अपमान थोडा कमी होत असे.

मोजणी संपली. कमी काहीच भरलं नाही. उलट दोन बादल्या जास्त भरल्या.

"या दोन बादल्या कुठून आल्या?" ऑडिटरांनी विचारलं.

कुठून आल्या ते एकनाथरावांनाही ठाऊक नव्हतं. माल कमी भरला असता तर चोर ठरलो असतो, जास्त भरला तर निष्काळजी ठरतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. दोन बादल्यांचा लेखी खुलासा दिल्यावरच रजा मंजूर झाली. त्या रात्री ते जेवले नाहीत. "लाद्याच बसवल्या असत्या तर बरं झालं असतं," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. पुष्पलताबाईंनी कॅलेंडरावर बसलेली धूळ पदराने पुसली. सकाळी एकनाथराव उठले आणि मुकाट्याने ट्रॅव्हल एजंट शोधायला निघाले.

एजंट तीन. पालघर स्टेशनाजवळच्या एजंटाच्या ऑफिसात एसी होता, म्हणून त्याचा भाव सर्वांत वर. बोईसरचा एजंट मूळचा शिर्डीच्या बसचा; त्याने लंकेलाही बसच सुचवली. तिसरा वाणगावचा महादू. त्याचा फोटो स्टुडिओ होता, तोच झेरॉक्स काढायचा आणि मधल्या वेळात लोकांना आखातात पाठवायचा. महादूचा भाव पालघरच्या निम्माही नव्हता.

"नेगोंबो म्हणून गाव हाय," महादू एका हाताने झेरॉक्सचं झाकण दाबत म्हणाला. "विमानतळापासून जवळ. समुद्रासमोर खोली. खिडकी उघडली का समुद्र. वारा तर भन्नाट, पंख्याची गरज नाय. खोलीवाली बाई एकदम घरगुती."

"माड?"

"मोजत बसा."

एकनाथरावांनी तुलनात्मक तक्ता केला आणि सर्वांत कमी रकमेखाली लाल रेघ मारली. महादूने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, हे इथे त्याच्या बाजूने नमूद करायला हवं. त्याला जे विचारलंच नाही, ते त्याने सांगितलं नाही.

एव्हाना प्रतिज्ञापत्रं, फोटो आणि फेऱ्या यांनी अंदाजपत्रकातला जेवणाचा भाग निम्मा खाल्ला होता. हाताशी फक्त 'किरकोळ व अनपेक्षित' हे सदर शिल्लक होतं. प्रत्येक अंदाजपत्रकात एकनाथराव ते सदर ठेवत आणि एकदाही त्याला हात लावत नसत. ते जसंच्या तसं परत आणण्यातच त्यांना खरा आनंद होता. अशा अडचणीच्या वेळी सोजराबाई निरोप द्यायला बोईसरला आल्या. लेक आत गेल्याचं बघून त्यांनी जावयाच्या हातात एक जाडजूड गाठोडं ठेवलं.

"बोंबील हायत. निवडून निवडून आणलेत. परमुलखात काय खायला मिळेल, काय नाय. तिला बोलू नका, ती नाय म्हणेल. तिकडं गेल्यावर भाजून खावा."

एकनाथरावांनी गाठोडं नाकाशी नेलं. बायकोची एकच अट होती, आणि ती याच गाठोड्याबद्दल होती. पण दुसऱ्या बाजूला दोन माणसांचं चार दिवसांचं कालवण फुकटात होत होतं. भाव शून्य. शून्यापेक्षा कमी कोटेशन जगात कुणी देऊ शकत नाही. आणि वास? त्याची सोय एकनाथरावांकडे होती. कारखान्यात रंगाची भुकटी भरायला पिंपाच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालतात. तिच्यातून भुकटीचा कणही बाहेर येत नाही. बादल्यांचं प्रकरण ताजं असल्यामुळे त्यांनी अशा तीन पिशव्या रोख पैसे भरून, पावती घेऊन, गेटपास करून बाहेर काढल्या. एकीत एक, एकीत एक, आत बोंबील.

बोईसर स्टेशनावर सोसायटी लोटली. हार, नारळ, पेढे झाले. राऊतांनी कानात शेवटचा सल्ला दिला: परदेशात कुणी हसलं तर आपणही हसावं, अर्थ नंतर लावावा. वत्सलाबाईंनी डोळे पुसले आणि पुढच्या महिन्यात टाकी धुवायची पाळी कुणाची आहे त्याची आठवण करून दिली.

कल्याणला त्रिवेंद्रमची गाडी धरली. पहिली रात्र सुखात गेली. पण रंगाच्या भुकटीला वास नसतो आणि बोंबलाला असतो, हा फरक पिशवी बनवणाऱ्याने लक्षात घेतला नसावा. ऊन चढलं तशा पुष्पलताबाई नाक वर करून बसल्या.

"कुठंतरी बोंबील हाय."

"छे. समुद्र जवळ असेल."

गाडी तेव्हा सोलापुरात उभी होती. पुष्पलताबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. त्या जन्मल्यापासून हा वास ओळखत होत्या. पण नवरा असं करील, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. तो विश्वास त्रिवेंद्रमपर्यंत टिकला.

तिथल्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. पहिली पिशवी सोडली, दुसरी सोडली, तिसरी सोडताच त्याचा चेहरा उजळला. "सुका मच्छी!" तो आनंदाने ओरडला आणि त्याने आणखी चौघांना हाक मारली. पाचही जण बॅगेवर वाकून वास घेऊ लागले. मग त्यांच्यातला एकजण मोडक्या हिंदीत म्हणाला, "सिलोन में सुका मच्छी लेके जाता? उदर तो पूरा देश सुका मच्छी है!" सगळे हसले. राऊतांचा सल्ला आठवून एकनाथरावही हसले. पुष्पलताबाई हसल्या नाहीत.

"माझ्या मागं मागं आलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी देश सोडून निघाले तरी नाय सोडलं यानं मला. आणि तुमी हातानं उचलून आणलं."

आयुष्यातल्या पहिल्या विमानप्रवासात एकनाथरावांनी खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. शेजारची बाई बोलत नसली की ढगांत काय बघायचं? आपण ही बाई दुखवली, तीही कालवणाचे पैसे वाचवायला, हे त्यांना कुठलाही खुलासा लिहून मिटवता येण्यासारखं नव्हतं.

नेगोंबोला महादूची घरगुती बाई दारातच उभी होती. फर्नांडोबाई. गोल, हसतमुख, घेरदार फ्रॉक घातलेली. खोली लखलखीत, गादी मऊ. एकनाथरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी पुढे होऊन, आता काहीतरी बरं दाखवायचंय अशा उत्साहात, खिडकी उघडली.

समोर समुद्र होता. माड मोजत बसावे इतके होते. आणि घरापासून पाण्यापर्यंत, डावीकडे नजर जाईल तिथपर्यंत, उजवीकडे एका कुंपणापर्यंत, वाळूवर चटया अंथरलेल्या होत्या आणि चटयांवर मासळी सुकत होती. नवापूरसारखी दहा नवापुरं मावतील एवढी. बायका वाकून मासे उलटत होत्या, कावळे हाकत होत्या. वारा भन्नाट होता आणि तो थेट खोलीत येत होता.

पुष्पलताबाईंनी बघितलं. पुढे होऊन खिडकी लावली. मग पलंगाच्या कडेवर बसून म्हणाल्या, "पासपोर्ट काढून, विमानात घालून, नवापूरलाच आणलंत ना मला?"

मागणीतून खोडलेली ती एक ओळ एकनाथरावांना आत्ता लख्ख आठवली.

संध्याकाळी पुष्पलताबाईंनी ते गाठोडं उचललं आणि फर्नांडोबाईंच्या हातात नेऊन टाकलं. बाईंनी उघडून बघितलं आणि किंचाळल्याच, "बोंबिली! बोंबिली!" त्या मुलखात हा मासा लागत नाही, मुंबईकडून बोटीने येतो आणि चढ्या भावाने जातो, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. त्यांनी लगेच नारळाच्या दुधात त्याचं कालवण केलं आणि दोघांना पाटावर नव्हे, खुर्चीवर बसवून वाढलं. दुसऱ्या कुणी रांधलेला बोंबील पुष्पलताबाई लग्नानंतर पहिल्यांदाच खात होत्या. त्यांनी दोनदा मागून घेतलं. एकनाथरावांशी मात्र एक शब्दही बोलल्या नाहीत.

सकाळी एकनाथराव लवकर उठले आणि उजवीकडच्या कुंपणापर्यंत चालत गेले. कुंपणापलीकडे एक मोठं हॉटेल होतं. तिथे पांढरी वाळू झाडून ठेवलेली होती, वारा कुंपणाकडे वाहत होता म्हणून वास नव्हता, आणि माडाखाली खुर्च्या होत्या. थेट कॅलेंडरातल्या. ते आत गेले. गणवेशातल्या माणसाने सांगितलं की बाहेरच्यांना दिवसभरासाठी खुर्ची मिळते, एका वेळचा चहा त्यातच, आणि दर सांगितला. दर डॉलरमध्ये होता. एकनाथरावांच्या डोळ्यांपुढे न्हाणीघराच्या निम्म्या लाद्या येऊन गेल्या. सवयीने त्यांची मान वळली. किनाऱ्यावर पुढे आणखी दोन हॉटेलं दिसत होती.

त्यांनी मान सरळ केली. मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून 'किरकोळ व अनपेक्षित'चं पाकीट काढलं, आणि सगळं रिकामं करून दोन खुर्च्या घेतल्या.

पुष्पलताबाईंना आणायला बरंच आर्जव करावं लागलं. आल्यावर त्या खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारख्या. वेटरने चहा आणला तर उठून घ्यायला निघाल्या. एकनाथरावांनी हाताने थांबवलं. बाईंनी बसल्या बसल्या कप घेतला, हळूहळू चहा प्याल्या, आणि तो संपल्यावर नवऱ्याच्या कानाशी वाकून विचारलं, "हा कुठं विसळायचा?"

"विसळायचा नाही. तो येऊन नेईल."

"आपला आपण नेईल?"

"हो."

बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग पर्स वाळूवर ठेवली. मग पाय वर घेतले. मग मागे टेकल्या आणि त्यांना झोप लागली. एकनाथराव शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होते. समुद्र बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

दुपार कलली तसं आभाळ भरून आलं. कुंपणापलीकडे एकदम आरडाओरडा झाला; बायका धावत सुटल्या, चटया गुंडाळू लागल्या. पुष्पलताबाई ताडकन उठून बसल्या.

"बसा हो," एकनाथराव म्हणाले. "आपलं काही नाही ते."

"तेच तर," असं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेल्या.

एकनाथरावांनी कपाळाला हात लावला. एवढे डॉलर, एवढे खुलासे, एवढी प्रतिज्ञापत्रं, आणि बाई पुन्हा तिथेच. पलीकडे त्या कुणाच्या तरी चटईचं टोक धरून धावत होत्या, मोठ्याने काहीतरी सांगत होत्या. तिकडच्या बायका त्यांच्या भाषेत ओरडून उत्तर देत होत्या, आणि पुष्पलताबाई हसत होत्या. सव्वीस वर्षांत त्यांना असं खदखदून हसताना एकनाथरावांनी ऐकलं नव्हतं. पाऊस चार थेंब टाकून निघून गेला.

त्या परत आल्या तेव्हा साडीचा काठ ओला होता, हाताला खवले चिकटले होते आणि वास म्हणाल तर पुरेपूर नवापूरचा येत होता.

"तुम्हाला इथे बसायला आणलं होतं मी," एकनाथराव रडकुंडीला येऊन म्हणाले.

"बसले ना. पोटभर बसले." त्या खुर्चीवर रेलल्या आणि त्यांनी पाय वर घेतले, या वेळी कुणाकडे न बघता. "नवापूरला मला उठवायचे हो. बसले का उठवायचे. आज कोणी उठवलं नाय. मला वाटलं म्हणून मी उठले, आणि मला वाटलं म्हणून परत येऊन बसले. हे मला कुठं ठाऊक होतं, असं पण असतं?"

एकनाथरावांचे डोळे भरून आले होते, आणि ते समुद्राच्या वाऱ्याने आले असं म्हणायची सोय होती, म्हणून त्यांनी तोंड समुद्राकडे केलं.

"आता चहा सांगा," पुष्पलताबाई म्हणाल्या. "आणि हां, तुमच्या त्या कागदात लिवा. वास चालेल."

वेटर लांब उभा होता. एकनाथरावांनी हात वर करून दोन चहा सांगितले. खुर्चीच्या दरातला चहा सकाळीच संपला होता, हा वेगळा, जेवणाच्या उरलेल्या पैशांतून पडणार होता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी भाव विचारला नाही.